रबरी गांडूळ: मासा ठोका देतो, पण गळाला लागत नाही

ठोका येतो. तुम्ही हिसका मारता. क्षणभर रॉडला वजन लागतं आणि मग काहीच नाही. लाइन सैल, गळ रिकामा. दिवसात असं सहा-सात वेळा झालं की माणूस पेटी उघडून रंग बदलायला बसतो. हिरवं काढून जांभळं, जांभळं काढून काळं. मी एक अख्खा हंगाम हेच केलं. हंगाम संपला तेव्हा माझ्याकडे अठरा रंगांची गांडुळं जमली होती आणि बास जातीचे मासे पूर्वीइतकेच निसटत होते.

आता विचार केला तर हसू येतं. ज्या माशाने ठोका दिला, त्याला रंग पटलेलाच होता की! घोटाळा त्यानंतर होतो. गांडूळ तोंडात गेलं आणि गळाचं टोक जबड्यात शिरलं, या दोन गोष्टींच्या मध्ये जे काही घडतं किंवा घडत नाही, ते सगळं रिगवर, म्हणजे गळ, वजन आणि गांडूळ यांच्या जोडणीवर अवलंबून असतं. आणि कोणती रिग कुठे चुकली, याचा पुरावा दर वेळी आपल्या हातात येतो. आपण तो सरळ करून पुन्हा पाण्यात भिरकावतो.

परत आलेलं गांडूळ आधी नीट बघा

ठोका चुकला की लाइन गुंडाळा आणि गांडूळ हातात घ्या. सरळ करू नका. जसं आलंय तसं बघा.

शेपूट तुटलेली आहे, बाकी अंगावर ओरखडाही नाही? मग तो बहुतेक बास नव्हताच. ब्लूगिलसारखे छोटे मासे शेपटीला धरून ओढतात. लाइनीवर टक-टक-टक-टक अशी बारीक, सलग टोचणी जाणवते. बास तसा कुरतडत नाही. तो तोंड एकदम उघडतो, गालफडं फुगवतो आणि पाण्याच्या लोंढ्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो. म्हणून बासचा ठोका एकच येतो, काच टिचकीने वाजवावी तसा. कधी कधी तोही येत नाही, नुसती लाइन बाजूला सरकायला लागते. शेपूट तुटत असेल तर जागा बदला, रिगला हात लावू नका.

गांडूळ नाकापासून सरकून गळाच्या बाकाशी गोळा झालंय आणि टोक अजून प्लास्टिकच्या आतच आहे? हा रोग सगळ्यात जास्त दिसतो आणि त्यावरच पुढे बरंच लिहिलंय. माशाने गांडूळ पूर्ण घेतलं होतं, तुम्ही ओढलंही, पण टोक बाहेर पडलंच नाही.

अंगावर बारीक खरखरीत ओरखडे आहेत, गांडूळ जागच्या जागी आहे? बासला टोकदार सुळे नसतात, दातांची कानशीसारखी पट्टी असते, तिचे हे ठसे. त्याने धरलं, दाबलं आणि सोडलं. म्हणजे ठोका तुम्हाला उशिरा कळला, किंवा हिसका मारताना लाइनीत झोळ होता.

आणि गांडुळावर शेवाळाचा बुरखा असेल, तर माशाला ते दिसलंच नव्हतं. तुमची रिग त्या तळाची नाही.

टेक्सास रिग: टोक बाहेर का येत नाही

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यातच या रोगाचं मूळ आहे. १९४९ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अॅक्रनमध्ये निक क्रीम या गृहस्थाने घरच्या शेगडीवर व्हिनाइल वितळवून मऊ गांडुळं ओतली. गांडूळ झकास होतं, पण गळ उघडा असला की गवतात आणि बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत अडकायचा. त्यावर टोक गांडुळाच्या अंगातच लपवायची युक्ती निघाली, टेक्सासच्या नावाने रुळली आणि आजही पहिली शिकवली जाते. पुढे गोळीच्या आकाराचं शिसं, मागे वाकड्या मानेचा गळ, टोक झाकलेलं. गवतातून सुळकन निघते. पण जे टोक गवताला लागत नाही, ते माशालाही सहजी लागत नाही. हिशोब इतका सरळ आहे.

पहिला संशयित म्हणजे गळाचा आकार. टोक आणि दांडी यांच्यातली मोकळी जागा बघा. हिसका बसल्यावर गांडूळ त्या जागेत चेपलं जातं. जाडजूड काडीसारखं गांडूळ अरुंद बाकाच्या गळावर लावलं की ती सगळी जागा प्लास्टिकनेच भरते आणि टोकाला पुढे जायला वाव राहत नाही. ती जागा गांडुळाच्या जाडीच्या साधारण दुप्पट तरी हवी, हा माझा ठोकताळा. जाड गांडुळाला रुंद बाकाचा गळ, सडपातळ लांब गांडुळाला साधा गोल बाक. सहा-सात इंचांच्या गांडुळाला ३/० मापाचा गळ, दहा इंचांच्याला ५/० (शून्याआधीचा आकडा वाढला की गळ मोठा), तिथून पुढे हाताने जुळवून बघायचं. माझ्या अठरा रंगांच्या हंगामात गळ मात्र एकाच मापाचे होते. यावर अधिक काही बोलत नाही.

दुसरा संशयित म्हणजे ओवण्याची पद्धत. टोक नाकात सरळ घाला, अर्धा सेंटिमीटर गेल्यावर बाजूने बाहेर काढा. गळ ओढत न्या, नेढं नाकात बुडेपर्यंत. मग गळ अर्धा फिरवा म्हणजे टोक गांडुळाकडे तोंड करेल. आता घाई करू नका. गांडूळ सैल लोंबू द्या आणि बाक अंगाशी कुठे टेकतो ती जागा नखाने दाबून खूण करा. टोक तिथूनच शिरलं पाहिजे. खुणेच्या अलीकडे, नाकाच्या बाजूला टोचलंत तर गांडूळ ताणलं जातं. पलीकडे टोचलंत तर त्याला कुबड येतं. कुबड आलेलं गांडूळ पाण्यात गिरमिटासारखं फिरतं, लाइनीला पीळ पडतो आणि संध्याकाळी रिळातून गुंतवळा निघतो. लोक गुंतवळ्याचा दोष रिळाला देतात.

टोक आरपार काढून मग त्याची अणी वरच्या कातडीत जेमतेम अडकवायची. बोटाने गांडूळ हलकं दाबलं की टोक टिचून बाहेर यायला हवं. टोक अंगाच्या मधोमध गाडून ठेवणं म्हणजे हिसक्याची अर्धी ताकद प्लास्टिक फाडण्यात घालवणं. ओवून झालं की पायाशी, स्वच्छ पाण्यात हातभर ओढून बघा. सरळ येतंय? मग फेका. या चाचणीला दहा सेकंद लागतात आणि मी ती अजूनही दर वेळी करतो.

तिसरा संशयित तुम्ही स्वतः. ठोका आला की रॉड पुढे झुकवा, झोळ गुंडाळून घ्या, आणि मगच वर ओढा. झोळ ठेवून मारलेला हिसका हवेतच विरतो. नायलॉनची लाइन असेल तर ती ताणली की लांबते. पंचवीस मीटरवर तुम्ही जे मारता त्यातलं थोडंच टोकापर्यंत पोहोचतं. पीईची (पॉलिइथिलीनची) विणलेली लाइन जवळजवळ ताणली जात नाही, फ्लुओरोकार्बन नायलॉनपेक्षा जड असल्याने पाण्यात बुडून सरळ राहते. टेक्सास रिगला ताठ रॉड हवाच. मऊ, झुकणाऱ्या रॉडने झाकलेलं टोक बाहेर काढणं म्हणजे ओल्या वेताने खिळा ठोकण्यासारखं आहे.

शिशाबद्दल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली जाते: ते लाइनीवर मोकळं ठेवायचं की नाकाशी रबरी खुंटीने पक्कं करायचं? उघड्या तळावर मोकळं ठेवा. शिसं आधी खाली जातं, गांडूळ मागून तरंगत उतरतं. दाट गवतात मोकळं ठेवलंत तर शिसं देठाच्या एका बाजूने उतरतं आणि गांडूळ दुसऱ्या बाजूला वाळत घातल्यासारखं लोंबतं. तिथे पक्कं करा. मात्र पक्कं शिसं तोंडाशी राहून गळ उचकटायला माशाला मदतही करतं, त्यामुळे उगाच सगळीकडे खुंटी मारू नका.

वजन किती? तळ कळेल इतकं, त्याहून जास्त नाही. गुडघा-कमरेएवढ्या पाण्यात साडेतीन ग्रॅम पुरतात, तीन-चार मीटरला पाच ते सात, त्याहून खोल किंवा वारा असेल तर दहा ते चौदा. वर गवताची जाड गादी असेल तर ती फोडायला एकवीस-अठ्ठावीस ग्रॅम लागतात, पण तो वेगळाच खेळ. टंगस्टन परवडत असेल तर घ्या. शिशाची घनता ११.३ आणि टंगस्टनची १९.३, त्यामुळे तेवढ्याच वजनाचा दाणा बराच लहान होतो आणि कठीण असल्याने दगड लागला की हातात 'टण्' कळतं, चिखल लागला की काहीच कळत नाही. न कळणं हीसुद्धा माहितीच. भोकाची कड मात्र बोटाने तपासा. धारदार असेल तर लाइन कापते.

तळ कसा आहे, त्यावर रिग

रिग मासा बघून निवडायची नसते. मासा दिसतोय कुठे? गांडूळ आणि तळ यांच्यामध्ये काय आहे, ते बघून निवडायची. त्यासाठी पहिले दोन-तीन फेक मी नुसते तळ चाचपायला टाकतो. जरा जड शिसं, हळू ओढ, बोट लाइनीवर. गवत लाइनीला धरून ठेवतं आणि मग सोडतं. खडी कुरकुरते. चिखल मऊ, मुका. बुडालेलं लाकूड आधी अडवतं आणि मग शिसं त्यावरून एकदम घसरतं.

तळावर गुडघाभर गवत नसून वीतभर शेवाळ पसरलेलं असेल, तर टेक्सास रिग त्यात नाक खुपसून बसते. बुरखा घातलेलं गांडूळ येतं ते इथून. इथे ड्रॉप शॉट. वजन खाली, गळ त्याच्या वर पंधरा ते पंचेचाळीस सेंटिमीटर. वजन खुशाल शेवाळात बुडू दे, गांडूळ माशाच्या डोळ्यासमोर लटकतं.

ड्रॉप शॉट लागत नाही अशी तक्रार आली की मी आधी गाठ दाखवायला सांगतो. पालोमार गाठ बांधताना खालचं टोक लांब सोडायचं, आणि गाठ आवळल्यावर ते टोक नेढ्यातून पुन्हा एकदा ओवून खाली घ्यायचं, गळाच्या टोकाच्या बाजूने. मग गळ लाइनीपासून काटकोनात उभा राहतो, टोक आकाशाकडे. ते उलट्या बाजूने ओवलं की गळ मान टाकून लाइनीला चिकटतो आणि मासा गांडूळ नुसतं चोखून सोडतो. आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करा. फ्लुओरोकार्बन कोरडं आवळलं की घर्षणाने तापतं आणि तिथेच तुटतं.

दुसरी चूक हिसक्याची. टेक्सास रिगची सवय लागलेला हात ड्रॉप शॉटवरही तसाच उसळतो. इथे गळ बारीक तारेचा, एक नंबर किंवा १/०, लाइन पातळ, टोक उघडं. जोरात मारलंत तर एक तर गळ उघडतो किंवा लाइन जाते. वजन जाणवलं की रॉड हळू उचला आणि गुंडाळत राहा, टोक आपोआप रुततं. तिसरी चूक म्हणजे हलवाहलव. वजन तळावरून हलता कामा नये. फक्त वरची सैल लाइन थरथरवायची. खरं तर काहीच न करता दहा आकडे मोजणं जास्त मासे देतं, पण ते कुणाला जमत नाही. मलाही नाही.

तळ खडीचा, स्वच्छ, आणि लांबच लांब पट्टा शोधायचा असेल तर कॅरोलायना रिग. चौदा ते एकवीस ग्रॅमचं अंड्याच्या आकाराचं शिसं, मागे काचेचा मणी, स्विव्हल (फिरती कडी), आणि त्यापुढे पाऊण मीटरच्या आसपास वेगळी लाइन. मणी शिशाच्या माऱ्यापासून गाठ वाचवतो आणि खळखळही करतो. ओरखडे आलेलं पण जागच्या जागी राहिलेलं गांडूळ या रिगवर फार येतं, कारण शिसं आणि गांडूळ यांच्यामधल्या लाइनीचा झोळ ठोका गिळून टाकतो. पुढची लाइन अर्धा मीटरपर्यंत कमी करा, आणि हिसका वर नको, आडवा झाडू मारल्यासारखा लांब ओढा. वर मारला तर आधी शिसंच उचललं जातं.

दगडांच्या कठीण तळावर शेकी हेडही चालतं: गोल डोक्याचा गळ, तळावर डोकं, शेपूट वर. गाळात ते डोकं रुतून बसतं, तिथे वापरू नका. नेड रिग त्याहून छोटी. कॅन्ससच्या नेड केहडी यांच्या नावावरून आलेली, छत्रीसारखं चपटं हलकं डोकं आणि बोटाएवढा गांडुळाचा तुकडा. टोक उघडं असल्याने गवतात तिचा काही उपयोग नाही. मोकळ्या तळावर मात्र तिच्यावर मासे इतके सोपे लागतात की हिसक्याचा प्रश्नच उरत नाही, नुसतं गुंडाळायचं.

उलटी तक्रार: मासा गळ गिळूनच टाकतो

ही वॅकी रिगची. मिठाचा भार असलेलं पाच इंची गांडूळ, मधोमध गळ, वजन काही नाही. पाण्यात सोडलं की दोन्ही टोकं थरथरत सावकाश उतरतं. आडोशाला, उथळ पाण्यात, रुसून बसलेल्या माशावर याच्यासारखं दुसरं काही नाही. पण लाइन सैल असते आणि ठोका हाताला येत नाही. तुम्ही वाट बघत बसता, तोवर गळ घशात.

इथे हातावर विसंबू नका, डोळे लाइनीवर ठेवा. पाण्यावर दिसणारी लाइन उडाली, बाजूला निघाली, किंवा तळ यायच्या आधीच उतरायची थांबली, तर मासा आहे. तळाला पोहोचायला किती सेकंद लागतात ते पहिल्याच फेकीला मोजून ठेवा. मोजणी बारा आणि लाइन सातवर थांबली, तर लगेच गुंडाळून घ्या. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकलात तर घशात गेलेला गळ काढतानाही मासा वाचतो. खोल रुतला असेल आणि मासा सोडायचा असेल, तर ओढाताण न करता लाइन गळाजवळ कापून सोडणं बरं.

गांडूळ दर दोन फेकींना तुटत असेल तर मधोमध रबरी रिंग चढवा आणि गळ रिंगखालून घाला, प्लास्टिकमधून नको. तुटलेले तुकडे खिशात ठेवा. पाण्यात राहिले तर मासे ते गिळतात.

दोन-तीन मीटरच्या खाली वॅकीला उतरायला फार वेळ लागतो. मग त्याच गांडुळाच्या एका टोकात एक ते दोन ग्रॅमचा खिळा खुपसा, झाली नेको रिग. नेको म्हटलं की लोकांना जपानी मांजर आठवतं. नाव आलंय 'नेकोसोगी'वरून, म्हणजे मुळासकट. डोकं तळावर टेकून टुकटुक करतं, शेपूट वर नाचते. वॅकीवर ठोके येत होते आणि मासे खोलीकडे सरकले, तर गळ-गांडूळ न बदलता करायचा हा सगळ्यात स्वस्त बदल.

तरीही लागत नसेल तर

टोक नखावर टेकवून हलकं ओढा. घसरलं तर बोथट आहे, रुतलं तर ठीक. दगडांतून दोन तास ओढलेला गळ बोथट झालेलाच असतो.

पेटीत मुडपून ठेवलेलं गांडूळ कितीही नीट ओवा, वाकडंच फिरतं. कडक गरम पाण्यात थोडा वेळ बुडवा आणि सपाट जागेवर सरळ आडवं निवू द्या. रबरासारखी लांब ताणली जाणारी, तरंगणारी गांडुळं वेगळ्या प्लास्टिकची असतात. ती साध्या गांडुळांसोबत एका कप्प्यात ठेवलीत तर दोन्ही वितळून लगदा होतो. मी एकदा सगळी एकत्र ठेवली होती, पुढच्या खेपेला पेटीत जांभळी-हिरवी जेली निघाली.

रंग अगदी शेवटी. निवळ पाण्यात हिरवट-तपकिरी, गढूळ पाण्यात काळा-निळा. माझ्या पेटीत सध्या हे दोनच आहेत. बाकीचे सोळा त्या जेलीत गेले.